पित्ताची पिशवी

घोड्याला पित्ताशय नसतं. हत्तीला नसतं, उंटाला नसतं, कबुतरालाही नसतं. घोडा दिवसभर चरतो आणि त्याच्या यकृतातून पित्तही दिवसभर आतड्यात उतरत राहतं. साठवून ठेवण्याचा प्रश्न येत नाही. साठवण लागते ती ज्याच्या खाण्याला वेळा असतात त्याला. शिकार साधली तर पोट फुटेस्तोवर खायचं, नाही साधली तर पुढची साधेपर्यंत पडून राहायचं, असं ज्यांचं जगणं त्यांना पित्ताची पिशवी हवीच. माणूसही त्याच पंगतीतला. नियम फार काटेकोर नाही म्हणा. सदा चरणाऱ्या, रवंथ करणाऱ्या गाईलाही पित्ताशय असतं. तिच्या पित्ताशयात होणारा खडा म्हणजे गोरोचन. आपल्याकडे ते टिळ्यासाठी आणि औषधांत वापरलं गेलं. चिनी औषधांच्या बाजारात चांगल्या गोरोचनाला आजही वजनाला सोन्याहून जास्त भाव मिळतो. माणसाच्या खड्यांचं नशीब एवढं थोर नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर ते एका छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात, नातेवाईक ते भेटायला येणाऱ्यांना दाखवतात आणि महिन्याभरात बाटली कपाटात मागे सरकते.

आमच्या घरात अशा दोन बाटल्या आहेत. एक आईची, एक माझी. दोघांच्या दुखण्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर आहे आणि त्या अंतरात वैद्यक कुठल्या कुठे गेलं. आमच्या समजुती मात्र होत्या तिथेच बऱ्याचशा मुक्कामाला आहेत. म्हणून हे लिहायला बसलो.

आईला व्हायचं त्याला घरात ‘गोळा उठला’ असं म्हणत. होळीची पुरणपोळी, एखाद्या जत्रेचं मटण, लग्नाची पंगत, असं काही झालं की त्या रात्री हमखास. जेवण उरकून सगळी निजानीज झाली की उजव्या बरगडीखाली कळ सुरू व्हायची आणि पाठीतून उजव्या खवाट्यापर्यंत जायची. मुरड्यासारखी येऊन-जाऊन होणारी नव्हे. एकदा आली की धरूनच ठेवायची. आई भिंतीला पाठ दाबून बसायची, उलटी व्हायची, घाम सुटायचा. मग ओवा, हिंग घातलेलं ताक, लिंबू पिळलेला सोडा, सकाळी मोरावळा. ‘पित्त झालंय’ हे निदान घरातल्या कोणालाही करता येत होतं. दोन-तीन तासांनी कळ थांबायची आणि श्रेय सोड्याला मिळायचं.

आत घडत होतं ते असं. जेवणातल्या तेला-तुपाने पिशवी आकसत होती, तिच्यातला एखादा खडा तोंडाशी येऊन अडकत होता, आणि वाट बंद असूनही पिशवी जोर लावत होती. काही वेळाने ती दमून सैल पडली की खडा मागे सरकायचा आणि दुखणं थांबायचं. सोडा घेतला नसता तरी ते थांबलंच असतं. घरगुती उपायांची निम्मी कीर्ती ही अशी आपोआप थांबणाऱ्या दुखण्यांवर उभी आहे. उरलेली निम्मी खरी असेलही. पण कोणतं दुखणं कुठल्या निम्म्यातलं, हे दुखत असताना कळत नाही.

एका वर्षी कळ थांबली नाही. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले. गावच्या डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं रोवून ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं आणि आईचा श्वास अर्ध्यातच अडला. शिकागोच्या जॉन मर्फी या शल्यवैद्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेली ही खूण. सुजलेलं पित्ताशय श्वासाबरोबर खाली येऊन बोटांवर आपटतं आणि माणूस श्वास आखडतो. सोनोग्राफी गावोगाव पोचण्याआधी डॉक्टरांची भिस्त अशा खुणांवरच असे. आईला कोल्हापूरला नेलं आणि पोट उघडून ऑपरेशन झालं. बरगडीच्या कडेने तिरकी गेलेली ती वीतभर खूण तिने पुढे कायम पदराआड ठेवली. दवाखान्यातून घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी तिला सुनावलं ते मात्र माझ्या नीट लक्षात आहे : “तुमचं खाणंच जड हो वैनी.” आई घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायची. दुपारचं तीनला आणि रात्रीचं अकराला. त्या उशिराबद्दल कोणी बोललं नाही.

माझं दुखणं सुरू झालं तेव्हा मी पुण्यात होतो आणि सोनोग्राफीला अर्धा तास पुरला. रिपोर्ट बघून एक स्नेही म्हणाले, “तुम्हाला कसे खडे? हा तर बायकांचा आजार.” वैद्यकीय महाविद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजीतल्या एकाच अक्षराने सुरू होणारी चार विशेषणं पाठ करून घेतली जातात, त्यांचा अर्थ असा : जाड, बाई, लेकुरवाळी, चाळिशीची. त्यात तथ्य आहे. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, आणि गरोदरपणी प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं. पण ही चौकट पाठ झाली की चौकटीबाहेरचा रोगी दिसेनासा होतो. खडे पुरुषांना होतात, म्हाताऱ्यांना होतात, अंगाने बारीक असणाऱ्यांना होतात, आईकडून मुलाकडेही त्यांची प्रवृत्ती जाते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार असलेली पोरं आहेत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन साचतं आणि ऐन तारुण्यात पित्ताशयात काळे खडे होतात. त्या मुलांना ‘तुमचं खाणं जड’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हा पहिली गोष्ट ही की खडा हा खादाडपणाचा दाखला नाही. वजन आणि आहार यांचा त्याच्याशी संबंध आहे, मोठा आहे. पण आपण समजतो तेवढा सरळ नाही.

हा वाकडेपणा मला माझ्या रिपोर्टपेक्षा भाचीमुळे जास्त कळला. तिचं लग्न ठरलं, साखरपुड्याचे फोटो आले आणि तिने मनावर घेतलं. सकाळी कसला तरी हिरवा रस, दुपारी काकडी-गाजर, रात्री सूप. तेल बंद, तूप बंद, भात-पोळी बंद. लग्नापर्यंत पोरगी ओळखू येईना एवढी वाळली. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. लग्नानंतर काही महिन्यांतच तिला कळ आली आणि सोनोग्राफीत खडे निघाले. फोनवर तिचा आवाज रडवेला होता. “मामा, मी तर तेलाला हातसुद्धा लावला नव्हता. मग मला कसे?”

तिचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर पिशवीच्या कामात आहे.

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. म्हणून पिशवी त्यातलं पाणी शोषून घेते आणि पित्त पाच-दहापट घट्ट करून ठेवते. जेवणातला स्निग्ध भाग लहान आतड्याच्या तोंडाशी आला की तिथल्या पेशी रक्तात कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. आयव्ही आणि ओल्डबर्ग या संशोधकांनी ते १९२८ मध्ये दाखवून दिलं. या संप्रेरकाने पिशवी आकसते, पित्तनळीच्या टोकाची झडप उघडते आणि घट्ट पित्त अन्नावर येऊन तेलाचे बारीक थेंब करतं. पित्तातले क्षार काम संपल्यावर वाया जात नाहीत. सुमारे ९५ टक्के क्षार आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृताकडे परततात. शरीराचा हा काटकसरी कारभार बघून कोणत्याही गृहिणीला समाधान वाटावं.

याच पित्तातून यकृत जादा कोलेस्टेरॉलही बाहेर टाकतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही; पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. धरून ठेवण्याला मर्यादा आहे. साखर जास्त झालेला पाक बरणीत न हलवता बरेच दिवस ठेवला की तळाशी खडीसाखर धरू लागते, तसंच इथे होतं. म्हणजे खडा व्हायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात : पाकात साखर जास्त हवी आणि बरणी हलता कामा नये.

वजन वाढलं की पहिली अट पुरी होते. लठ्ठ शरीर कोलेस्टेरॉल जास्त तयार करतं आणि यकृत ते पित्तात टाकत राहतं. इथवर सगळ्यांना पटतं. पण वजन झपाट्याने उतरवलं तरीही हीच अट पुरी होते, आणि जास्त जोमाने होते; कारण अंगावरची चरबी वितळताना तिच्यात साठलेलं कोलेस्टेरॉल सुटून यकृतामार्गे पित्तातच येतं. त्यात तेल-तूप बंद. म्हणजे संप्रेरक सुटत नाही, पिशवी आकसत नाही, पित्त तिथेच पडून राहतं. दुसरी अटही पुरी. भाचीने दोन्ही अटी स्वतःच्या हाताने, मोठ्या निग्रहाने पुऱ्या केल्या होत्या. तेलाला हात न लावणं हाच तिच्या दुखण्याचा एक धागा होता.

डॉक्टरांना हे नवीन नाही. लठ्ठपणावर जठराची शस्त्रक्रिया केलेल्यांचं वजन धडाधड उतरतं, आणि त्याच महिन्यांत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना खडे होतात. म्हणून त्यांना काही महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. ज्यांना तोंडाने काहीच न देता शिरेतून पोषण द्यावं लागतं, अशा रुग्णांच्या पित्ताशयात काही आठवड्यांत गाळ साचू लागतो. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची, वजन उतरवणारी नवी औषधं २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली; त्यांच्या माहितीपत्रकात पित्ताशयाच्या त्रासाचा इशारा असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून वेगाने वजन उतरवू नये असं डॉक्टर सांगतात. दीड किलोच्या वर गेलं की खड्यांचा धोका चढत जातो. ‘एका महिन्यात दहा किलो’ अशी पाटी दिसली की पित्ताशयाचा विचार करावा.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी स्वयंपाकघराचं वर्ष दोन टोकांमध्ये हेलकावत असतं. एका टोकाला आषाढी, श्रावणी सोमवार, निर्जळी हरतालिका, नऊ दिवसांचं नवरात्र. दुसऱ्या टोकाला पुरणपोळीवरची तुपाची धार, दिवाळीचा फराळ, लग्नसराई, आखाडातलं मटण. उपासाने पापं जळतात की नाही हे मला ठाऊक नाही. एका दिवसाच्या उपासाने कोणाला खडे होत नाहीत, एवढं नक्की. पण आपला उपास सुटतो कसा ते बघा. सकाळपासून चहावर राहिलेला माणूस दुपारी साबुदाण्याच्या खिचडीची ताटली पुढ्यात घेतो. मूठभर दाण्याचं कूट म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे. त्यात जवळजवळ निम्मं तेलच, १५ ग्रॅमच्या आसपास. वर फोडणीचं तूप एक मोठा चमचा, १३-१४ ग्रॅम. जोडीला बटाट्याचा तळलेला कीस आणि खोबऱ्याची चटणी. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं आपल्या म्हणीनेच कबूल केलं आहे. दिवसभर शांत पडलेल्या, काठोकाठ भरलेल्या पिशवीला एकदम एवढं स्निग्ध मिळालं की ती पूर्ण ताकदीने आकसते. आत खडा असेल तर त्याला तोंडाशी येऊन अडकायला याहून चांगला मुहूर्त नाही.

आईच्या शेवटी जेवण्याचं मला जे आठवतं ते याचसाठी. सकाळी सहाला चहा, मग थेट दुपारी तीनला जेवण, मग रात्री अकराला. त्या पिढीतल्या किती बायकांचं आयुष्य असं गेलं! घराला चारीठाव खाऊ घालणारी बाई स्वतः अर्धा दिवस उपाशीच असायची, आणि सणाच्या दिवशी उरलेल्या तुपा-तळणाचं ताट संपवायला पुन्हा तीच. आईचे खडे याच कारणाने झाले असं छातीठोक म्हणता येणार नाही. तिची चार बाळंतपणंही हिशेबात धरावी लागतील. पण ‘तुमचं खाणंच जड’ म्हणणाऱ्या काकूंना ती कधी जेवते हे विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

खडे आहेत हे कळल्यावर आजूबाजूने सल्ल्यांचा पाऊस पडला. पानफुटीची पानं रोज अनशापोटी खा. कुळथाचं कढण घे. बियर पी, खडा वाहून जातो. हा सल्ला देणाऱ्यांचा उत्साह विशेष. हे सगळे उपाय मुतखड्याचे म्हणून लोकांत प्रसिद्ध आहेत. मुतखडा मूत्रपिंडात होतो, लघवीच्या वाटेने बाहेर पडू शकतो. पित्ताशयाची वाट लघवीच्या मार्गाला कुठेच मिळत नाही. दोघांचं रसायन वेगळं, जागा वेगळी, वाट वेगळी. फक्त ‘खडा’ हे नाव एक, म्हणून औषध एक. कुळथाचं कढण मी प्यायलो, कारण ते मला आवडतं. त्याने खड्याला काही झालं नाही.

मोबाइलवर फिरणारा दुसरा उपाय जास्त चमत्कारिक आहे. काही दिवस सफरचंदाचा रस प्यायचा, मग एका रात्री वाटीभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घेऊन निजायचं. सकाळी शौचातून हिरवे, मऊ खडे पडतात, त्यांचे फोटोही येतात. न्यूझीलंडमध्ये एका बाईने असे ‘खडे’ डॉक्टरांकडे नेले, त्यांची तपासणी झाली आणि २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तांत आला. त्या ‘खड्यां’त कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण होऊन गोळे झाले होते. म्हणजे माणूस रात्री जे पितो तेच सकाळी बघून हरखतो. एवढं तेल एकदम पोटात गेल्यावर पिशवीने खरोखरच जोर केला आणि एखादा बारीक खडा नळीत उतरला, तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं. बारीक खडे या बाबतीत मोठ्या खड्यांपेक्षा घातक, कारण ते नळीत शिरू शकतात.

मग खाण्याने होतं तरी काय? झालेला खडा खाण्याने विरघळत नाही, हे आधी मान्य करावं. वर सांगितलेल्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्याही फक्त लहान, शुद्ध कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्‌महिने घेतल्या तर चालतात, आणि बंद केल्यावर खडे बऱ्याच जणांना पुन्हा होतात. आहाराची कामं दोन : नवे खडे होण्याला आळा घालणं आणि असलेल्या खड्याला डिवचून न उठवणं. काम छोटं वाटतं, पण रोजचं आहे.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला दिलेला कागद अर्ध्या पानाचा होता, आणि तो वाचून बायको म्हणाली, “अहो, हे तर आपलं नेहमीचंच जेवण आहे.” खरोखर तसंच होतं. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, फळ. कोंड्यासकट धान्य, डाळी, भाज्या यांतला चोथा पित्तक्षारांना धरून बाहेर नेतो. मग यकृत नवे क्षार करायला कोलेस्टेरॉल वापरतं. साखर-मैदा कमी, कारण गोडाने आणि बेकरीच्या मालाने वजनही वाढतं आणि खड्यांचा धोकाही. तळण सणापुरतं, तेही थोडं. तेल मात्र अजिबात बंद नाही. एका जेवणात दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून दोन छोटे चमचे स्निग्ध असलं तरी पिशवी नीट रिकामी होते. तेवढं तिला मिळायलाच हवं. ज्याला खड्यांमुळे कळा येऊ लागल्या आहेत, त्याने एका बैठकीतलं तेल-तूप याहून फार वाढू देऊ नये, आणि शून्यावरही आणू नये. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रातल्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांना पित्ताशयाचा त्रास कमी होतो असं १९९९ मध्ये दिसून आलं. आमच्या घरात कॉफी पिणारा मी एकटा असल्याने हे मी सगळ्यांना ऐकवतो. त्यावर बायको त्यातल्या साखरेचे चमचे मोजून दाखवते.

कागदावरची सर्वांत अवघड ओळ शेवटची होती : वेळेवर जेवा. भाकरी सोपी, पालेभाजी सोपी. सकाळी न्याहारी करणं आणि रात्री आठाच्या आत पान वाढून घेणं, हे पुण्याच्या रस्त्यांवरून घरी येणाऱ्या माणसाला अवघड. रात्रीचं जेवण ते दुसऱ्या दिवशीचं पहिलं खाणं यांत फार मोठं अंतर पडलं की पित्त तेवढा वेळ पिशवीतच राहतं. दिवसातून कितीदा खावं यावर महाराष्ट्रात हल्ली तट पडले आहेत, आणि मधुमेहाच्या किंवा वजनाच्या अंगाने त्यांची मतं वेगवेगळी असू शकतात. पण ज्याच्या पोटात खडे आहेत हे ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याचं ऐकून लांब उपास सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. वजन उतरवायचं असेल तर रोज चालावं, ताटातली एक पोळी कमी करावी आणि काट्याला घाई करू नये.

खडे असलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असंही नाही. साधारण ८० टक्के लोकांना ते असल्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली म्हणून कळतं. अशा मुक्या खड्यांना बहुतेक वेळा हात लावत नाहीत. एकदा कळा येऊ लागल्या की मात्र त्या परत येण्याची शक्यता फार, आणि मग पिशवी काढणं हा पक्का उपाय. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी हे पहिल्यांदा केलं. रुग्ण ४३ वर्षांचा, कित्येक वर्षं कळांनी पिचलेला, दुखणं मारायला घेतलेल्या मॉर्फिनच्या आहारी गेलेला. दुसऱ्या दिवशी तो सिगार ओढत बसला होता, असं सांगतात. त्या काळी शल्यवैद्य पिशवी उघडून नुसते खडे काढत. लांगेनबुख यांचं म्हणणं असं की खडे काढून काय उपयोग, ते तयार होतात ती जागाच काढायला हवी. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतच एरिख म्यूह यांनी पोट न उघडता दुर्बिणीने पित्ताशय काढलं. त्यांच्या व्यवसायबंधूंनी आधी नाकं मुरडली आणि १९९२ मध्ये त्यांच्याच संघटनेने त्यांना पुरस्कार दिला. भारतात हे काम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी सुरू केलं. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या पोटावर उपयोगी पडेल असं. आईच्या पोटावरच्या तिरक्या खुणेच्या जागी माझ्या पोटावर चार टिकल्या आहेत, त्याचं मूळ तिथे आहे.

ऑपरेशनची भीती मला वाटत नव्हती असं नाही. पण भीतीने टाळत राहिलेल्या माणसांच्या गोष्टीही मी वाचल्या होत्या. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांना पित्ताशयाचा त्रास जुना होता आणि रुग्णालयाची धास्ती त्याहून मोठी. ते पुढे ढकलत राहिले. फेब्रुवारी १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अखेर पोट उघडलं तेव्हा पित्ताशय सडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. वय ५८. एवढ्या प्रसिद्ध, एवढ्या पैसेवाल्या माणसाला शहरातले उत्तम डॉक्टर उपलब्ध होते. फक्त वेळेवर जाणं तेवढं राहिलं.

पिशवी गेल्यावर माणूस ठणठणीत राहतो. पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना सुरुवातीला पातळ होतं, तुपकट खाल्लं तर लगेच जावं लागतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुरळीत होतं. मला विचारणारे विचारतात, “आता सगळं चालतं ना?” चालतं. पण ऑपरेशनने पिशवी जाते, वजन जात नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी ही बाकीची मंडळी तिथेच असतात आणि त्यांना लागणारा आहारही तोच, अर्ध्या पानावरचा. भाचीने अजून ऑपरेशन केलेलं नाही. एकच सौम्य कळ आली होती, तेव्हा तिने आणि तिच्या डॉक्टरांनी मिळून काही काळ लक्ष ठेवायचं ठरवलं आहे. ती आता दोन्ही वेळा जेवते, वरणावर चमचाभर तूप घेते आणि वजन महिन्यातून एकदाच बघते.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. भरपेट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळगीत अर्ध्या तासाहून जास्त टिकणारी, पाठीत जाणारी कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर तिला गॅस म्हणून सोडून देऊ नका. एक सोनोग्राफी करा. हृदयाचं दुखणंही कधी असंच भासतं, म्हणून पन्नाशीपुढच्यांनी तर थांबूच नये. कळेबरोबर ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, किंवा पाच-सहा तासांत दुखणं थांबलं नाही, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जा. बाकीच्यांनी वेळेवर जेवा, तेल-तूप बेताचं घ्या पण तोडू नका, वजन सावकाश उतरवा. आणि घरात जी शेवटी जेवते तिचं पान आधी वाढा.